पायरीचा प्रीमियम

"गाडीत काही बदल केलाय का?" हा एकच प्रश्न विचारून माझी जीभ झिजून गेलीय. बिदरकडच्या संतपूरच्या बसस्टँडसमोर, नवऱ्याच्या बियाण्याच्या दुकानाला लागून माझं गाड्यांच्या विम्याचं दुकान आहे. येणारा माणूस खुर्चीवर टेकतो, घाम पुसतो आणि न चुकता म्हणतो, "काई न्हाई अक्का. हाय तशीच हाय." आणि त्याची ती 'हाय तशीच' गाडी माझ्या दारात उभी असते. वर लोखंडी कॅरिअर, पुढं डोळे दिपवणारे दिवे, रेडा रेकावा तसला हॉर्न आणि मागच्या सीटखालून येणारा गॅसचा वास. मी म्हणते, दादा, वास यायलाय. तो म्हणतो, घरची टाकी भरायला न्यायलोय. बरं बाबा. मी तरी किती जणांशी भांडू?

मग कधीतरी ती गाडी आपटते नाहीतर जळते, कंपनी हात वर करते आणि तोच माणूस येऊन माझ्या टेबलावर हात आपटतो. "तुमी सांगितलंच न्हाई!" सांगितलं होतं बाबा, घसा कोरडा करून सांगितलं होतं. कंपनी विमा काढते तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. तिच्या पोटात तुम्ही गॅसची टाकी बसवली की ती गाडी दुसरी झाली, तिचा धोका दुसरा झाला. आधी सांगितलं तर वर्षाला थोडे पैसे जास्त लागतात. नाही सांगितलं तर ऐनवेळी सगळंच हातचं जातं. एवढीच गोष्ट आहे, पण कळून घ्यायचीच नसली तर कोण काय करणार?

या सगळ्या भागात एकच माणूस असा होता की त्याला हा प्रश्न मला कधी विचारावा लागला नाही. उलट तो लांबून येताना दिसला की मीच शटर ओढायला उठायची.

त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. गावात अप्पा पुष्कळ होते, पण नुसतं अप्पा म्हटलं की हेच. उभा जन्म डाळीची गिरणी चालवली, उतारवयात ती विकून टाकली आणि एक जुनी जीप घेतली. तिथून ते माझ्या मागं लागले. उंच, वाळलेला माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, पायांत टायरच्या चपला. घरात कानडी, बाजारात मराठी आणि गॅरेजवाल्यांशी दखनी. तिन्ही भाषा फाडफाड यायच्या आणि तिन्हींत खोटं बोलता यायचं नाही. मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार करतेय.

यायचे, नको नको म्हटलं तरी चपला बाहेर काढायचे, तांब्याभर पाणी प्यायचे, पेटीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "अक्का, एक बदल सांगायचाय."

हॉर्न बदलला, सांगायला आले. सीटला नवी कव्हरं शिवली, सांगायला आले. आरशाला लिंबू-मिरची बांधायला तारेचा हूक लावला, तेही सांगायला आले. मी म्हटलं, "अप्पा, लिंबाला विमा नसतोय."

"नसू द्या की. लिहून घ्या. उद्या कुनी इचारलं तर?"

"कोण विचारतंय लिंबाबद्दल?"

"मग इचारत न्हाईत तर लिहायला काय जातंय?" मी लिहिलं.

गॅसचं किट मात्र त्यांनी असं रीतसर बसवलं की बघत राहावं. बिदरला जाऊन परवाना असलेल्या माणसाकडून बसवून घेतलं, आरटीओत खेटे घालून आरसी बुकात नोंद केली आणि तिथूनच थेट माझ्याकडं आले. प्रीमियम वाढला. रांगेत बसलेला एक टमटमवाला हसला, म्हणाला, "अप्पा, सोताहून पैसे वाढवून घेनारे तुमीच बगा." अप्पा त्याच्याकडं बघून म्हणाले, "सांगून टाकलं की झोप येती रे बाबा. तुला येती का?" तो टमटमवाला रात्री कसा झोपत होता मला माहीत नाही, पण बाकीचे सगळे अप्पांना हसले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. सांगून टाकलं की झोप येती. त्यांच्या बायकोला, अव्वांना, या वाक्याचा वीट आला होता. अव्वा अंगानं भारी, गुडघ्यांनी अधू आणि तोंडानं फटकळ. त्या म्हणायच्या, "ह्यांना येती झोप. सांगितलेलं निस्तरत मी जागी बसती."

एकदा ठाणाकुशनूरच्या रस्त्यावर रानडुकरं फार माजली म्हणून अप्पांनी जीपच्या पुढं लोखंडी नळ्यांचं भलंमोठं गार्ड ठोकून घेतलं. आले सांगायला. मी कपाळावर हात मारला. "अप्पा, ह्याला आता कायद्यानंच बंदी हाय. माणसाला धडकलं तर जीव जातोय, आन् आतल्या माणसालाबी धोका. पोलीस दंड करतील, आन् कंपनी तर बोटच ठेवंल." एवढ्या वर्षांत हेच मी शंभर जणांना सांगितलंय आणि शंभरही जण तसंच गार्ड मिरवत हिंडतायत. अप्पा तडक उठले, समोरच्या वेल्डिंगवाल्याकडं गेले, माझ्या डोळ्यांदेखत गार्ड कापून घेतलं आणि जीपच्या टपावर टाकून घरी नेलं. पुढं त्याच्यावर अव्वांनी दोडक्याचा वेल चढवला.

ते कुणाकडून भाडं घेत नसत. खाजगी गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली तर विमा चालत नाही, हे मी एकदा बोलून गेले होते. झालं! गावातलं कुणी बाळंतपणाला, कुणी तापात फणफणलेलं, अप्पा बिदरच्या दवाखान्यापर्यंत नेऊन सोडायचे आणि पैशाचं नावही काढू द्यायचे नाहीत, पेट्रोल आणि गॅस स्वतःच भरायचे. लोकांनाही ते लागून राहायचं, म्हणून एकानं तुरीचं पोतं त्यांच्या ओसरीवर आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात. "अक्का, तुरीचं पोतं म्हंजे भाडं होतंय का?" मला त्या दिवशी डोकं दुखत होतं. मी म्हटलं, "न्हाई अप्पा, पोतं म्हंजे प्रेम." ते विचारात पडले. मग म्हणाले, "कंपनीला इचारून सांगा." आणि मी खरंच फोन केला. काय करता, त्याशिवाय ते हलले नसते.

मग ती पायरी. अव्वांना जीपमध्ये चढता येईना. उंच गाडी, दुखरे गुडघे. अप्पा आणि त्यांचा पुतण्या दोघं मिळून त्यांना वर लोटायचे आणि अव्वा दोघांनाही शिव्या द्यायच्या. शेवटी अप्पांनी दाराखाली लोखंडी पायरी बसवून घेतली. रुंद, जाळीची, पाय घसरू नये म्हणून वर रबर. तो माणूस त्या दिवशी इतका खुशीत होता की मला बाहेर बोलावून पायरी दाखवली, स्वतः तिच्यावर दोनदा चढून उतरला.

"अक्का, एक बदल."

"बघितला. छान हाय. ह्याला प्रीमियम न्हाई."

"न्हाई?" त्यांचा चेहराच उतरला. "फुकट कसं? लिहून तर घ्या." मी अर्जात 'डाव्या बाजूस पायरी, पत्नीच्या गुडघ्यांसाठी' असं त्यांच्या सांगण्यावरून जसंच्या तसं लिहिलं. बिदरच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, ये सीढ़ी क्या है?" तेव्हापासून त्या ऑफिसात अप्पांची गाडी म्हणजे पायरीवाली गाडी.

अप्पांना मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला आणि त्याचा पोरगा लहानपणापासून इथं अप्पा-अव्वांच्याच हाताखाली वाढला. त्यांच्या कानडी घरात थोरल्या काकाला दोड्डप्पा म्हणतात, थोरल्या काकूला दोड्डव्वा. पोरगा दोड्डप्पा म्हणायचा, पण वागायचे दोघं बापलेकासारखेच. सकाळी भांडण, संध्याकाळी एका ताटात भाकरी. पुतण्यानं म्हशी घेतल्या, एक जुनी व्हॅन घेतली आणि गावोगावचं दूध गोळा करून उदगीरला घालायला लागला. लग्न जमत आलेलं. सगळं त्या व्हॅनच्या चार चाकांवर उभं होतं.

त्या व्हॅनमध्ये त्यानं उदगीरच्या कुठल्याशा गल्लीत स्वस्तातलं गॅसचं किट बसवून घेतलं होतं. कागद नाही, नोंद नाही, आणि टाकी भरायची ती स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून. अप्पा त्याला रोज म्हणायचे, सांगून ये. तो म्हणायचा, "पुढच्या म्हैन्यात, दोड्डप्पा." माझ्यासमोर बसून त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "काई बदल न्हाई अक्का." तो जसं म्हणाला तसंच बाकीचेही म्हणतात, म्हणून मी आता कुणावर चिडतही नाही.

श्रावणात ती व्हॅन जळाली. ठाणाकुशनूरहून येताना मागून भडका उडाला, पोरानं उडी टाकली म्हणून वाचला. हातावरचे केस तेवढे करपले. दुधाचे कॅन रस्त्यात वितळून पडले होते.

नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर यायचा होता. गावातल्या शहाण्यांनी आधीच व्हॅनमधून जळकी टाकी काढून कडब्याच्या गंजीत पुरली. सगळ्यांनी एक बोलायचं ठरलं: गॅस नव्हताच. आता प्रश्न राहिला अप्पांचा. त्यांना कुठं पाठवून द्यावं तर कुठं जाईनात. तेव्हा पुतण्यानं त्यांचे पाय धरले. हे मला अव्वांनी नंतर सांगितलं. तो म्हणाला, "दोड्डप्पा, खोटं बोलू नका. नुसतं बोलू नका." आमच्याकडं श्रावणी सोमवारी मौन धरणारी म्हातारी माणसं असतात. तसं एक दिवस मौन धरा, एवढंच त्यानं मागितलं. अप्पा शेवटी हो म्हणाले. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं असेल. पोरावर जीव होता हो, दुसरं काय!

सर्व्हेअर कलबुर्गीकडचा, आमच्याच वयाचा, शांत माणूस. मी त्याला घेऊन गेले. व्हॅन बघून झाली, फोटो झाले, पुतण्यानं सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, वायरिंगनं पेट घेतला, गॅसबिस काही नव्हता. सर्व्हेअर लिहून घेत होता. ऊन मी म्हणत होतं, म्हणून चहाला अप्पांच्या ओसरीवर बसलो. दारात पाहुणा आला आणि चहापाण्याशिवाय गेला असं त्या घरात कधी झालं नव्हतं, आणि नेमकं तेच त्या दिवशी नडलं.

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, बरं हाय का?" त्यांनी नुसती मान हलवली. हा माणूस आणि गप्प?

पुतण्या घाईनं म्हणाला, "दोड्डप्पांचं मौन हाय आज."

सर्व्हेअरनं कपबशी खाली ठेवली. "मौन? मौन तर सोमवारी धरतेत. आज गुरुवार हाय की."

कुणाच्याच लक्षात नव्हतं आलं. "नवसाचं हाय," पुतण्या म्हणाला. सर्व्हेअरनं अंगणातल्या जीपकडं बघितलं, मग अप्पांकडं. "म्हंजे ती पायरीवाली गाडी तुमचीच का? आमच्या हापिसात तुमाला सगळे वळखतेत, अप्पा." अप्पांचा चेहरा जरा फुलला. मग त्या माणसानं अगदी साधेपणानं विचारलं, "अप्पा, मौन मोडू नका. नुसती मान हलवा. व्हॅनमदी गॅस होता का?"

आख्खं अंगण त्यांच्या मानेकडं बघायला लागलं. अप्पांनी पुतण्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. अप्पांचा हात गळ्यातल्या पेटीवर गेला आणि तिथंच राहिला. उंबऱ्यातून अव्वा कळवळून म्हणाल्या, "अहो, हलवा की मान. हिकडं न्हाईतर तिकडं!" मान हलली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"ऱ्हाऊ द्या," सर्व्हेअर म्हणाला. त्यानं चहा संपवला, उठला आणि परत व्हॅनकडं गेला. या खेपेला वाकून, काडीनं राख उकरत बघितलं. मागच्या बाजूला, चेसीला चिकटलेला, गॅसच्या तांब्याच्या नळीचा तुकडा त्याला मिळाला.

क्लेम नामंजूर झाला. खरं सांगायचं तर ती नळी त्याला कधी ना कधी दिसलीच असती, या लोकांचं हेच काम असतं. पण हे ऐकून कोण घेतो? पुतण्यानं चावडीसमोर चार माणसांत अप्पांना विचारलं, "एकदा मान हलवली असती तर मेला असता का?" पुतण्या त्याच दिवशी गोठ्यात राहायला गेला, त्या घराची पायरी चढायचं त्यानं सोडलं. ठरत आलेलं लग्नही लांबलं. गाव म्हणालं, म्हातारा खुळा. आठवडाभर माझ्याकडं लोक चोरून येत होते, अक्का, किटची नोंद करायची म्हणत होते. मग तीही भीती उतरली आणि सगळं पहिल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर अप्पा आले. मी शटरला हात लावला नाही. त्यांचं पाणी पिऊन झालं तसं मीच विचारलं, "झोप लागती का अप्पा?"

"कुठली झोप, अक्का! खरं बी बोललो न्हाई आन् खोटं बी. पोराचं बी झालं न्हाई आन् माजं बी." मग पेटीवर हात ठेवला. "एक बदल सांगायचाय."

"आता काय लावलाव?"

"मालक बदललाय."

जीप त्यांनी पुतण्याच्या नावानं करून दिली होती. त्यानं किल्ली अव्वांच्या हातून घेतली, अप्पांशी बोलला नाही. आरसीवर नाव बदललं आणि विम्यावर बदललं नाही तर पुन्हा पोराचं नुकसान, म्हणून अप्पा धावत आले होते. "आन् त्यात आता दुधाचे कॅन जानार, ते बी सांगा. माल न्यायचा म्हंजे विमा दुसरा लागतोय न्हवं?" लागतो. आरटीओत गाडीचा प्रकार बदलावा लागतो, बिदरला खेटे घालावे लागतात, प्रीमियमही बदलतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते सगळं केलं, एसटीनं जाऊन-येऊन, त्या वयात. पोरगा सह्या तेवढ्या करून द्यायचा, त्याही अव्वांच्या मार्फत.

"झालं का सगळं?" मी विचारलं.

"एक ऱ्हायलं." ते म्हणाले, "पायरी काढली त्यानं. कॅन चढवताना आडवी यायली म्हनं. ती तेवढी खोडा."

मी खोडली. मला त्या पोराचा इतका राग आला होता की पेन कागदातून आरपार गेलं. अप्पांना राग नव्हता. ते म्हणाले, "त्याचं बी खरं हाय. कॅन चढवायचं म्हंजे आडवीच की ती."

त्यानंतर ते मला बसस्टँडवर दिसायचे. त्यांनी त्या काढलेल्या पायरीला खालून चार पाय वेल्डिंग करून घेतले होते. एसटी आली की अप्पा ती दारापुढं मांडायचे, अव्वा तिच्यावर पाय देऊन वर चढायच्या, मग अप्पा पायरी उचलून घेऊन मागनं चढायचे. पहिल्या दिवशी कंडक्टर खेकसला, "काय आजोबा हे?"

"पायरी हाय, साहेब. मंडळीच्या गुडघ्यासाटी. सांगून ठेवतो. टिकिट लागंल का?"

"बसा हो. पायरीला कुठं टिकिट असतंय?"

आतून अव्वा ओरडल्या, "फाडा की येक टिकिट! न्हाईतर हे रातभर मला झोपू द्यायचे न्हाईत!" कंडक्टरनं हसत लगेजचं तिकीट फाडलं. आमच्या राज्यात बायकांना एसटी फुकट झालेली, त्यामुळं अव्वांना पैसे पडले नाहीत आणि पायरीला पडले. मी दुकानातून बघत होते. हसायला आलं आणि नंतर बराच वेळ कामात लक्ष लागलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा लिंगैक्य झाले. पुतण्या मातीला आला, सगळं त्यानंच केलं, पण बोलणं राहिलं ते राहिलंच.

परवा जीपचा विमा संपत आला म्हणून तो दुकानात आला. मी सवयीनं तोंड उघडलं, पण विचारायचंच मला जिवावर आलं. काय करायचं विचारून? काई न्हाई म्हणणार. मी मुकाट्यानं कागद पुढं ओढला.

त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. उभाच होता. "अक्का, एक बदल सांगायचाय."

मी वर बघितलं.

"पायरी बसवली परत. खालचे पाय कापून. लिहा."

"त्याला प्रीमियम न्हाई रे," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. तरी लिहा. पयलं लिवलं होतं तसंच." मी लिहिलं. डाव्या बाजूस पायरी. पुढचं लिहिताना हात थांबला, कारण आता पत्नी लिहून चालणार नव्हतं. तोच म्हणाला, "दोड्डव्वाच्या गुडघ्यांसाठी." आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिला.

बाहेर जीपमध्ये, दुधाच्या कॅनांच्या पुढं अव्वा बसल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "झालं का रे सांगून? झालं असंल तर चल घरी. मला झोप यायली."